सिग्नलची वाट किती वेळ पाहायची?

एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला कामाला लावतो आणि बजावतो, पाच सेकंदांत आटप, नाहीतर तुला बंद करीन. मागणी इतकी साधी, पण युनिक्सच्या जगात ती पुरी करायला सरळ सोय कित्येक वर्षे नव्हती. चाइल्ड प्रोसेस संपण्याची वाट पाहणारे वेटपिड हे फंक्शन दोनच गोष्टी जाणते: चाइल्ड संपेपर्यंत थांबून राहणे, किंवा अजिबात न थांबता डोकावून परत येणे. 'पाच सेकंदच थांब' हे सांगायला त्यात जागा नाही. चाइल्ड संपली की कर्नल पॅरेंटला सिगचाइल्ड हा सिग्नल पाठवतो. तेव्हा प्रश्न फिरून असा होतो: मुदत घालून सिग्नलची वाट कशी पाहायची?

सी लायब्ररीत याचे नेमके उत्तर देणारे फंक्शन आहे, सिगटाइमडवेट. माझ्या पाहण्यात ते फार कमी लोक वापरतात आणि वापरणाऱ्यांपैकी बरेच जण ते अर्धवट वापरतात. ते कुठून आले, आत काय करते, कुठे फसवते आणि त्याच्या शेजारी आज आणखी कोणते मार्ग उभे आहेत, हे एकदा सलग मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

सगळ्यात जुना मार्ग अलार्म आणि पॉज या जोडीचा. अलार्मला ५ सांगितले की पाच सेकंदांनी सिगअलार्म येतो. पॉज म्हटले की सिग्नल येईपर्यंत झोप. सिगचाइल्डचा हँडलर एक फ्लॅग वर करतो. मुख्य कोड विचारतो: फ्लॅग वर आहे का? नसेल तर पॉज. वाचताना काहीच खटकत नाही. पण 'फ्लॅग खाली आहे' हे पाहणे आणि पॉजमध्ये शिरणे यांच्यामध्ये मोजक्या मशीन इन्स्ट्रक्शन्सची फट आहे. सिगचाइल्ड नेमका त्या फटीत आला, तर हँडलर चालतो, फ्लॅग वर होतो, आणि प्रोग्रॅम तरीही झोपायला जातो, कारण त्याचे पाहणे आधीच उरकलेले असते. चाइल्ड केव्हाच संपलेली, आणि पॅरेंट पाचवा सेकंद येईपर्यंत ताटकळत बसलेला. उलट मशीनवर ताण असेल आणि सिगअलार्मच त्या फटीत येऊन गेला, तर मुदत संपून गेल्याचे कोणाला कळतच नाही. चाइल्ड आपण होऊन संपेपर्यंत पॉजमधून उठवायला मागे कोणी उरत नाही. दोन माणसांची स्टेशनवर व्हावी तशी ही चुकामूक आहे. चाचणीत ती लाखात एकदा घडते, म्हणजे चाचणीत सापडत नाही आणि महिन्याभराने रात्री तीन वाजता सर्व्हरवर सापडते.

आरंभीच्या युनिक्समध्ये तर याहून वाईट स्थिती होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत सिग्नल पोचला की त्याचा हँडलर आपोआप पुसला जाई आणि मूळची डीफॉल्ट कृती परत येई. हँडलरने स्वतःला पुन्हा बसवण्याच्या आत दुसरा सिग्नल आला तर प्रोसेसच मरे. १९८३ मध्ये ४.२ बीएसडीने हे सावरले: हँडलर टिकून राहू लागला, सिग्नल ब्लॉक करून ठेवता येऊ लागले, आणि सिगपॉज आले, जे मास्क, म्हणजे ब्लॉक केलेल्या सिग्नलचा संच, बदलणे आणि झोपणे ही दोन कामे एका दमात करते, मध्ये फट ठेवत नाही. १९८८ च्या पॉझिक्स या प्रमाणकाने हाच विचार सिगअ‍ॅक्शन, सिगप्रॉकमास्क आणि सिगसस्पेंड या नावांनी पक्का केला. चुकामूक टळली. पण सिगसस्पेंडलाही मुदत सांगता येत नव्हती. त्यासाठी पुन्हा अलार्मच लावावा लागे. आणि अलार्म प्रत्येक प्रोसेसला एकच मिळतो. तुम्ही लावलेला अलार्म एखाद्या लायब्ररीने आतल्या आत स्वतःसाठी पुन्हा लावला, तर तुमची मुदत पुसली गेली आणि तुम्हाला पत्ताही नाही.

हँडलरची दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते, कारण तिने खरे नुकसान केले आहे. हँडलर मुख्य कोडला कुठेही अडवून मध्येच चालतो. मुख्य कोड मॅलॉकच्या आत मेमरीच्या याद्या अर्ध्या बदलून झालेला असताना हँडलर आला आणि त्यानेही मॅलॉक मागितले, तर याद्या विस्कटतात किंवा कुलूप कायमचे अडकून बसते. म्हणून हँडलरमध्ये थोडीच फंक्शन्स सुरक्षित मानली जातात. प्रिंटएफ त्यांत नाही, सिसलॉगही नाही. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधला जो दोष जाहीर केला, सीव्हीई-२०२४-६३८७, तो याच जातीचा होता. लॉगिनला एक मुदत असते, डीफॉल्ट १२० सेकंद. ती संपली की सिगअलार्म येई आणि त्याचा हँडलर सिसलॉग बोलावी. जीलिबसी या सी लायब्ररीवर चालणाऱ्या लिनक्समध्ये सिसलॉग पुढे मॅलॉकपर्यंत जातो. बाहेरच्या माणसाने वेळ अचूक साधली तर याद्या अर्धवट असतानाच हँडलर चालवता येई, आणि तिथून थेट रूट अधिकारांपर्यंत वाट होती. ३२ बिटी यंत्रावर सरासरी सुमारे १०,००० प्रयत्नांत ती वेळ साधते असे क्वालिसने दाखवले. हाच दोष २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाला होता; ८.५पी१ या आवृत्तीत तो परत शिरला आणि ९.८पी१ मध्ये निघाला. मुदत पाळण्यासाठी लिहिलेला कोडच दार उघडे ठेवून बसला होता, आणि तोही सुरक्षिततेसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये.

१९९३ च्या पॉझिक्स.१बी या रिअल-टाइम विस्ताराने वेगळी दिशा धरली. सिग्नल आपल्यावर येऊन आदळू द्यायचा नाही. तो ब्लॉक करून कर्नलकडे थोपवून ठेवायचा, आणि आपल्याला सवड होईल तेव्हा आपण होऊन मागून घ्यायचा. सिगवेटइन्फो वाटेल तितका वेळ थांबते, सिगटाइमडवेट मुदतीपर्यंत. हँडलर नाही, त्यामुळे सिग्नल हाती आल्यावर मॅलॉक करा, प्रिंटएफ करा, डेटाबेसला लिहा. सगळे चालते, कारण आपण साध्या, सरळ चालणाऱ्या कोडमध्येच असतो. थ्रेड्सच्या १९९५ च्या विस्ताराने सिगवेट हे धाकटे भावंड दिले. त्याची परत देण्याची तऱ्हा मात्र वेगळी: सिगटाइमडवेट सिग्नलचा क्रमांकच परत देते आणि चूक झाली तर उणे एक देऊन कारण एररनोमध्ये ठेवते, सिगवेट शून्य किंवा त्रुटीचा क्रमांक देते आणि सिग्नल पॉइंटरमधून कळवते. या फरकाने अनेकांचे तास खाल्ले आहेत.

सिगटाइमडवेटला तीन गोष्टी द्यायच्या: कोणकोणत्या सिग्नलची वाट पाहायची तो संच, आलेल्या सिग्नलचा तपशील भरायला जागा, आणि सेकंद व नॅनोसेकंद अशी मुदत. मुदत शून्य दिली तर ते न थांबता डोकावून परत येते. मुदतीच्या जागी नल पॉइंटर दिला तर काय व्हावे हे पॉझिक्सने ठरवलेले नाही. लिनक्स अशा वेळी अनिश्चित काळ थांबतो. मुदत टळली तर ईअगेन. नॅनोसेकंदांचा आकडा शंभर कोटींच्या आतलाच हवा, म्हणून दीड सेकंद सांगायला शून्य सेकंद आणि १,५०,००,००,००० नॅनोसेकंद लिहिलेत तर ईइनव्हॅल मिळते. ही चूक मी नव्या मुलांच्या कोडमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की आता रिव्ह्यूला बसलो की आधी तिथेच नजर जाते.

लिनक्स कर्नलच्या आत हे कसे होते ते पाहण्याजोगे आहे. संचातला एखादा सिग्नल आधीच येऊन पडला असेल तर कर्नल तो लगेच उचलून देतो. नसेल तर तो एक छोटी युक्ती करतो. ज्या सिग्नलची आपण वाट पाहतो आहोत ते तर आपणच ब्लॉक केलेले असतात, आणि ब्लॉक केलेला सिग्नल झोपलेल्या थ्रेडला उठवत नाही. म्हणून कर्नल थ्रेडचा खरा मास्क बाजूला जपून ठेवतो, तेवढे सिग्नल तात्पुरते मोकळे करतो आणि थ्रेडला टायमर लावून झोपवतो. सिग्नल आला किंवा टायमर वाजला की मास्क जागच्या जागी ठेवतो आणि पुन्हा एकदा पाहतो की काही उचलण्याजोगे आले आहे का. या दुसऱ्या पाहण्यामुळे अगदी शेवटच्या क्षणी आलेला सिग्नलही हातचा जात नाही. आणि ईअगेन मिळाल्यावर क्षणभराने सिग्नल आला तरी तो ब्लॉक असल्यामुळे पडून राहतो, पुढच्या वेळी मिळतो. अलार्म आणि पॉजमधली फट इथे उरतच नाही.

हे सगळे एका अटीवर: सिग्नल आधीपासून ब्लॉक हवा. फोर्क करून मग ब्लॉक केले तर मधल्या वेळात चाइल्ड संपू शकते. सिगचाइल्डची डीफॉल्ट कृती दुर्लक्षाची, त्यामुळे तो सिग्नल हवेत विरतो आणि आपण पूर्ण पाच सेकंद मेलेल्या चाइल्डची वाट पाहतो. थ्रेड्स असतील तर प्रत्येक थ्रेडमध्ये ब्लॉक हवा, कारण प्रोसेसला आलेला सिग्नल कर्नल ज्या थ्रेडमध्ये तो ब्लॉक नसेल त्याच्याकडे देतो. सोपा मार्ग म्हणजे मेनच्या सुरुवातीलाच ब्लॉक करावे आणि मगच थ्रेड काढावेत. मास्क वारशाने पुढे जातो. पण तो एक्झेकमधूनही पुढे जातो, हे विसरले तर तुम्ही चालवलेला दुसराच प्रोग्रॅम सिगटर्म ब्लॉक झालेल्या अवस्थेत जन्मतो आणि सांगूनही बंद होत नाही. फोर्क आणि एक्झेक यांच्यामध्ये जुना मास्क परत घालणे हे नुसते नीटनेटकेपणाचे काम नाही, ते कामाचाच भाग आहे.

या फंक्शनने मला स्वतःला एकदा चांगलाच धडा दिला. एका ठिकाणी रात्री एकामागून एक कामे चालवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. प्रत्येक कामाला मुदत. मुदत टळली की सिगकिल, मग वेटपिड, मग पुढचे काम. काही दिवसांनी लक्षात आले की एखादे काम मुदतीत अडकले की त्याच्या पुढचे काम सुरू होताक्षणी 'पूर्ण' म्हणून नोंदले जाते. कारण शोधायला एक पूर्ण दिवस गेला. मारलेल्या चाइल्डचा सिगचाइल्ड येऊन पडला होता. लिनक्सवर वेटपिडने चाइल्डचा हिशेब मिटवला तरी तिचा सिग्नल पडूनच राहतो. पुढच्या कामासाठी सिगटाइमडवेट बोलावले की हा शिळा सिग्नल पटकन हाती येई, आणि माझा कोड त्यालाच नव्या कामाचा निरोप समजे. त्या दिवसापासून मी सिग्नलला बातमी मानत नाही. 'जाऊन पाहा' एवढाच त्याचा अर्थ घेतो. खरी बातमी वेटपिडकडे असते.

उलट बाजूही तितकीच खरी. साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. पहिला सिगचाइल्ड पडून असताना तीन चाइल्ड संपल्या तरी सिग्नल एकच उरतो. म्हणून तो आला की वेटपिड न थांबण्याच्या खुणेने पुन्हा पुन्हा बोलवायचे, आणखी कोणी संपलेली नाही असे कळेपर्यंत. रांग लागते ती रिअल-टाइम सिग्नलची, आणि त्यांच्यात लहान क्रमांकाचा आधी मिळतो. त्यांचे क्रमांक ३२ पासून सुरू होतात, पण जीलिबसीने ३२ आणि ३३ स्वतःच्या थ्रेड व्यवस्थेसाठी राखले आहेत, तर मसल या दुसऱ्या सी लायब्ररीने ३४ सुद्धा. तेव्हा आकडा हाताने लिहू नये, सिगआरटीमिन वापरावे.

आता माझ्या मते सगळ्यात नाजूक मुद्दा: वाट पाहणे मध्येच मोडले तर उरलेल्या वेळाचे काय? आपण सिगचाइल्डची वाट पाहत असताना संचाबाहेरचा, हँडलर असलेला एखादा सिग्नल आला, तर सिगटाइमडवेट ईइंटर देऊन परत येऊ शकते. सिगअ‍ॅक्शनमध्ये रीस्टार्टची खूण केलेली असली तरी लिनक्सवर हा कॉल आपोआप पुन्हा सुरू होत नाही. नॅनोस्लीप निदान किती वेळ उरला ते सांगते. सिगटाइमडवेट सांगत नाही. पाचपैकी तीन सेकंद गेले होते की पाव सेकंद, याचा हिशेब आपणच ठेवायचा.

पॉझिक्स या ईइंटरबाबत 'देऊ शकते' म्हणते, 'दिलेच पाहिजे' म्हणत नाही. एवढ्या एका शब्दावरून तीन वेगळ्या वाटा निघाल्या आहेत. जीलिबसी ईइंटर जसेच्या तसे तुमच्या हाती देते. मसल ते स्वतःजवळच ठेवते आणि कर्नलला पुन्हा तोच कॉल करते, तीच पूर्ण मुदत देऊन. म्हणजे दर चार सेकंदांनी दुसरा एखादा सिग्नल येत असेल, तर पाच सेकंदांची मुदत कधीच संपणार नाही. पायथनने ३.५ पासून तिसरी वाट धरली: मोडलेली वाट पुन्हा सुरू करायची, पण उरलेला वेळ मोजून. मला पायथनचे बरोबर वाटते, कारण बोलावणाऱ्याच्या मनात मुदत म्हणजे 'इतक्या वेळाने मला परत हवे' एवढेच असते. मसलने पॉझिक्सचा भंग केलेला नाही, पण तिथे मुदतीच्या शब्दाला अर्थ उरतो तो फक्त मधे काही घडले नाही तरच. सीमध्ये लिहिताना सुरुवातीलाच मोनोटॉनिक घड्याळ पाहून शेवटची वेळ ठरवावी आणि दर ईइंटरनंतर फरक काढून उरलेलीच मुदत द्यावी. भिंतीवरचे घड्याळ वापरू नये. ते कोणी मागेपुढे करू शकतो. मसलवर मात्र ईइंटर हाती येतच नाही, म्हणून तिथे बाकीचे सिग्नलही ब्लॉक करून संचातच घालणे उत्तम. जे काही येईल ते एकाच दाराने येईल आणि हिशेब आपल्याकडे राहील.

शेजारचे मार्ग थोडक्यात. सिग्नलबरोबर सॉकेटवरही लक्ष ठेवायचे असेल तर सिगटाइमडवेट अपुरे पडते, त्याला फाइल डिस्क्रिप्टर कळत नाहीत. तिथे पीसिलेक्ट, म्हणजे मास्कही एका दमात बदलणारे सिलेक्ट, कामाला येते, पण त्याचा इतिहास लायब्ररी लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. लिनक्स कर्नलमध्ये ते २००६ मध्ये, २.६.१६ आवृत्तीत आले. त्याआधी जीलिबसी मास्क बदलून, सिलेक्ट बोलावून, मास्क परत घालून पीसिलेक्टचा भास निर्माण करी. ज्या फटीसाठी पीसिलेक्टचा जन्म झाला, ती फट त्यात तशीच होती. नसलेले फंक्शन परवडते, कारण माणूस दुसरा उपाय शोधतो. नाव खरे आणि काम खोटे असलेले फंक्शन परवडत नाही.

त्या काळात लोक डॅन बर्नस्टाइनच्या नावाने ओळखली जाणारी सेल्फ-पाइपची युक्ती वापरत: हँडलरने स्वतःच्याच पाइपमध्ये एक बाइट लिहायचा आणि सिलेक्टने तो पाइप पाहायचा. ती आजही सर्वत्र चालते. लिनक्सवर २००७ मध्ये सिग्नलएफडी आले, त्याने सिग्नल फाइलसारखा वाचता येतो. फ्रीबीएसडीने त्याआधीच, २००० मध्ये, केक्यू या घटना कळवणाऱ्या यंत्रणेत सिग्नलची सोय केली होती. मॅकओएसमध्ये केक्यू आहे पण सिगटाइमडवेट नाही, त्यामुळे लिनक्सवरही चालणारा कोड लिहिणाऱ्यांना तिथे वेगळी फांदी ठेवावी लागते. आणि नुसती चाइल्डचीच वाट पाहायची असेल, तर २०१९ च्या लिनक्स ५.३ पासून पिडएफडी-ओपन आहे. त्या डिस्क्रिप्टरवर मुदत घालून पोल करा. सिग्नलचा संबंधच नाही, शिळ्या निरोपाची भीती नाही, आणि वाट पाहायची ती नेमक्या त्याच चाइल्डची. माझा तो रात्रीचा प्रोग्रॅम आज लिहायचा असता तर मी हेच घेतले असते.

२०३८ चा प्रश्न इथेही येतो. ३२ बिटी सेकंदांचे खाते १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते. सिगटाइमडवेटची मुदत 'आतापासून इतकी' अशी असते, त्यामुळे तिला स्वतःला त्या तारखेची बाधा नाही. पण ती ज्या स्ट्रक्चरमधून जाते तेच तारखांसाठीही वापरले जाते, आणि त्याचा आकार बदलला की सगळ्यांनाच बदलावे लागते. म्हणून लिनक्स ५.१ ने या कॉलची ६४ बिटी वेळेची वेगळी आवृत्ती दिली. मसलने २०२० मध्ये, १.२.० पासून, ६४ बिटी वेळ सरसकट धरली. जीलिबसीने २०२१ मध्ये २.३४ मध्ये ३२ बिटी यंत्रांसाठी ती ऐच्छिक ठेवली, म्हणजे कंपाइल करताना तसे सांगावे लागते.

सिगटाइमडवेट नीट वापरलेले पाहायचे असेल तर टिनी हा छोटासा प्रोग्रॅम वाचावा. कंटेनरमध्ये पहिल्या क्रमांकाची प्रोसेस म्हणून तो बसतो. डॉकरमध्ये इनिटचा पर्याय दिला की तोच चालतो. पहिल्या प्रोसेसला कर्नल विशेष वागवतो: हँडलर नसलेला सिगटर्म तिच्यापर्यंत पोचतच नाही. डॉकरला कंटेनर थांबवायला सांगितले की तो सिगटर्म पाठवतो, डीफॉल्टने १० सेकंद वाट पाहतो आणि मग सिगकिल. कित्येक कंटेनर दर वेळी पुरे दहा सेकंद घेतात ते यामुळेच. ब्लॉक केलेला सिग्नल मात्र पहिल्या प्रोसेससाठीही राखून ठेवला जातो. टिनी सुरुवातीलाच जवळपास सगळे सिग्नल ब्लॉक करतो. मेमरीची चूक दाखवणाऱ्या सिगसेग्व्हसारखे तेवढे सोडतो. आपली चाइल्ड चालवण्याआधी तिचा जुना मास्क तिला परत देतो. मग एक सेकंदाची मुदत घालून सिगटाइमडवेटमध्ये बसतो. सिगचाइल्ड आला तर तो पुढे पाठवत नाही. दुसरा कोणताही आला तर चाइल्डकडे पोचवतो. ईअगेन किंवा ईइंटर आले तर काहीच करत नाही. आणि यांपैकी काहीही घडले तरी प्रत्येक फेरीच्या शेवटी वेटपिडने संपलेल्या सगळ्या प्रोसेस उचलतो, सिग्नल आला होता की नाही हे न विचारता.

ही एक सेकंदाची मुदत मला त्या कोडमधली सगळ्यात विचारपूर्वक ठेवलेली गोष्ट वाटते. एखादा सिगचाइल्ड दुसऱ्यात मिसळून गेला, शिळा निघाला किंवा ईइंटरने फेरी अर्ध्यात मोडली, तरी फार तर एका सेकंदात टिनी पुन्हा वेटपिडपाशी उभा असतो.